धसका ही इजा आहे का?

20 नोव्हेंबर 2021 ची सकाळ. ताडोबाच्या कोलारा भागात व्याघ्रगणनेच्या कामासाठी एक महिला वनरक्षक तीन वनमजुरांना घेऊन पायी निघाली होती. वाटेत वाघिणीने तिच्यावर हल्ला केला आणि तिचा मृत्यू झाला. ही बातमी तुम्ही वाचली असेल. अशा घटनेत आपले लक्ष मृताच्या घराकडे जाते, आणि ते बरोबरच आहे. पण सोबत चालणारी माणसेही असतात. त्या तिघांविषयी मी इथे काही म्हणत नाही. डोळ्यांदेखत सहकारी गेलेल्या कुणाही मजुराचा विचार करा. अंगावर ओरखडा नाही, पण महिना उलटला तरी रात्री दचकून जाग येते, तेच दृश्य पुन्हा दिसते, पाय जंगलाकडे वळत नाहीत. घरचे म्हणतात, धसका घेतला. कामावर जाता येत नाही म्हणून मजुरी बुडते. ही कामावर झालेली इजा धरायची का?

या प्रश्नाचे एक जुने उत्तर कोळशाच्या खाणीतून आले आहे. इंग्लंडमधल्या साउथ कर्कबी खाणीत एका कामगाराने आरोळी ऐकली. तो धावला, जबर जखमी झालेल्या सोबत्याला त्याने उचलून नेले, पण तो सोबती वाचला नाही. याला स्वतःला काहीच लागले नव्हते, तरी मनाला असा धक्का बसला की त्याला पूर्वीचे काम जमेना. मालकाचे म्हणणे, इजाच नाही तर भरपाई कसली? 1910 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने कामगाराच्या बाजूने निकाल दिला. अपघातामुळे बसलेल्या धक्क्याने माणूस कामाला मुकत असेल, तर ती पाय मोडण्याइतकीच इजा आहे, असा त्याचा आशय होता.

आपल्याशी याचा संबंध असा, की भारताचा 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा इंग्रजी कायद्याच्या नमुन्यावर बेतलेला आहे. ‘कामातून आणि काम चालू असताना अपघाताने झालेली इजा’ ही त्याची मुख्य अट तिकडूनच आली. 1 जुलै 1924 पासून तो लागू झाला. खाणकामगार त्यात होतेच, झाडे तोडणारे आणि जंगलातला वणवा विझवणारे मजूरही त्याच्या यादीत आले. चंद्रपूर-गडचिरोलीचे निम्मे कष्ट या दोन ओळींत मावतात. इजा शरीराचीच हवी, असे त्या अटीत म्हटलेले नाही.

मग अडते कुठे? कायद्याला जोडलेल्या याद्यांमध्ये. पहिल्या यादीत अवयवांचा हिशेब आहे: अंगठा गेला तर 30 टक्के, दुसरा डोळा चांगला असून एक गमावला तर 40. तिसऱ्या यादीत व्यवसायजन्य आजार आहेत. त्यात धुळीने होणारे फुप्फुसांचे आजार आहेत, आवाजाने येणारा बहिरेपणा आहे, मनाचा आजार मात्र नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2010 मध्ये आपल्या यादीत आघातानंतरचा तणावविकार, म्हणजे पीटीएसडी, घातला. भारतात 1923 चा कायदा पुढे 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. मुख्य अट तीच राहिली आणि मन यादीबाहेरच राहिले.

यामागे जुना संशय आहे. 1866 मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक एरिकसन यांनी रेल्वे अपघातांनंतरच्या अशा तक्रारींवर लिहिले, तेव्हा दोष मणक्याच्या धक्क्यात शोधला गेला. 1889 मध्ये बर्लिनच्या ओपेनहाइम यांनी या आजाराला ‘आघातजन्य न्यूरोसिस’ म्हटले. त्यावर आक्षेप आला की पेन्शनच्या आशेनेच ही माणसे आजारी पडतात. 1926 मध्ये जर्मनीच्या विमा यंत्रणेने अशा रुग्णांची भरपाई जवळजवळ बंदच केली. ‘सोंग करतोय’ हा शेरा आपल्याकडच्या साहेबांनी शोधून काढलेला नाही, एवढे मात्र खरे. पीटीएसडी हे निदान अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात आले ते थेट 1980 मध्ये.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये मनोविकार असलेल्या एका सीआरपीएफ अधिकाऱ्याला दिलासा दिला. त्याच्या वागण्यावरून चालवलेली शिस्तभंगाची कारवाई आजाराशी जोडलेली असेल तर तो भेदभाव ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. गडचिरोलीत याच दलाचे जवान तैनात असतात, म्हणून हा निकाल इथे महत्त्वाचा. पण तो नोकरी टिकण्यासाठी होता. भरपाई हा वेगळा विषय आहे.

भरपाईच्या बाबतीत एक दार उघडे आहे, आणि ते माझ्यासारख्या डॉक्टरच्या टेबलावर आहे. पहिल्या यादीत नसलेली इजा असेल, तर कमाईची क्षमता कायमची किती घटली हे वैद्यकीय व्यावसायिकाने ठरवायचे, असे 1923 च्या कायद्यातच होते. म्हणून केसपेपरवर नुसते ‘झोप येत नाही’ लिहून गोळ्या घेऊन जाऊ नका. घटना कोणत्या तारखेला, कोणत्या कामावर घडली, तुम्ही काय पाहिले, त्रास कधी सुरू झाला, कामाचे किती दिवस बुडाले, हे डॉक्टरांना सांगा आणि लिहायला लावा. मुकादमाला किंवा व्यवस्थापनाला लेखी कळवा, त्याची पोच ठेवा. मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी लवकर घ्या. वर्षभराने घेतलेल्या चिठ्ठीत त्रासाचा त्या दिवसाशी संबंध जोडणे अवघड जाते, शिवाय दाव्याला मुदत असते. ताबडतोब बोलायचे असेल तर टेली-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे. तो दाव्यासाठी नाही, आज रात्रीच्या झोपेसाठी आहे.