ई-रिक्षाच्या बॅटरीचं काम कुठे शिकायचं? कामठीतल्या मुला-मुलींसाठी आयटीआयची वाट

कामठीजवळच्या कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन औष्णिक वीजसंच आहेत. वीज म्हणजे कोळसा, हे गणित या भागाला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. पण नागपूरच्या रस्त्यांवर आता बॅटरीवरची वाहनं धावतात. मे २०१७ मध्ये ओलाने सुमारे २०० विद्युत वाहनांचा प्रकल्प नागपुरातच सुरू केला होता. या बॅटऱ्या तपासणं आणि दुरुस्त करणं हे नवं काम आहे. ते नेमकं कोणाला मिळणार?

जुन्या बॅटरी मिस्त्रीला पुन्हा का शिकावं लागतं?

अनेक ई-रिक्षांत १२ व्होल्टच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या जोडून ४८ व्होल्ट मिळवतात. त्यात डिस्टिल्ड वॉटर भरणं, हायड्रोमीटरने ॲसिड तपासणं, टर्मिनल साफ करणं ही कामं मिस्त्री हाताखाली राहून शिकतात.

लिथियमचं तसं नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटचा एक सेल सुमारे ३.२ व्होल्टचा असतो. असे १६ सेल एकामागे एक जोडले की ५१.२ व्होल्टचा पॅक होतो. प्रत्येक सेलचं व्होल्टेज आणि पॅकचं तापमान यांवर बीएमएस नावाचं सर्किट लक्ष ठेवतं. बीएमएस काढून थेट जोडणी केली, वेगळ्या क्षमतेचा सेल बसवला किंवा लेड-ॲसिडचा चार्जर लावला, तर पॅक तापून पेट घेऊ शकतो. २०२२ मध्ये देशात ई-स्कूटरना आगी लागल्यानंतर केंद्राने बॅटरीसाठीचे एआयएस-१५६ हे सुरक्षा निकष अधिक कडक केले.

आयटीआयमध्ये कोणता ट्रेड घ्यावा?

‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल’ हा दोन वर्षांचा ट्रेड थेट याच कामाचा आहे. त्यासाठी दहावी उत्तीर्ण असावं लागतं. तो जवळच्या संस्थेत नसेल तर दोन वर्षांचा ‘इलेक्ट्रिशियन’ हाही चांगला पाया आहे. शेवटी राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार कंपनीत विद्यावेतनावर शिकता येतं.

मुलींसाठी जागा आहेत का?

आहेत. राज्यातल्या आयटीआयमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास प्रवर्ग आणि दिव्यांग यांनाही आरक्षण आहे. शिवाय सेल तपासणं, जुळवणं, वायरिंग आणि बीएमएसची चाचणी या कामांत ताकदीपेक्षा नेमकेपणा आणि शिस्त लागते. ‘हे मुलांचं काम’ या समजाला इथे आधार नाही. राखीव जागा मात्र मुलींनी अर्ज केला तरच भरतात.

आधीपासून काम करणाऱ्यांनी काय करावं?

ज्यांच्या हातात कला आहे पण कागद नाही, त्यांच्यासाठी ‘आरपीएल’ ही सोय आहे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधी शिकलेल्या कामाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र दिलं जातं. लेड-ॲसिडच्या अनुभवाला लिथियमच्या प्रशिक्षणाची जोड मिळाली, तर वर्षानुवर्षं हे काम करणारा माणूस बाहेर फेकला जात नाही.

काम फक्त दुरुस्तीचंच आहे का?

नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. त्यामुळे संकलन, तपासणी, वर्गीकरण आणि सुरक्षित साठवण यांतही माणसं लागतात.

प्रवेश घेताना काय पाहावं?

दहावीच्या निकालानंतर व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन प्रक्रियेतून अर्ज करता येतो. पसंतीक्रम भरण्याआधी संस्थेत जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: ट्रेडला राष्ट्रीय मान्यता आहे का, कार्यशाळेत खरा लिथियम पॅक हाताळायला मिळतो का, आणि शिकाऊ उमेदवारीसाठी कोणत्या कंपन्या येतात? फळ्यावर बॅटरीचं चित्र काढून हे काम येत नाही.