वेषांतर केलेला शत्रू : पटावरून पडद्यावर

पाळीपाळीने खेळायच्या युद्धखेळांतला एक जुना पेच आज आपण बघणार आहोत. बुद्धिबळात दोन्ही सैन्यं उघड्यावर असतात. समोर दिसतो तो हत्ती हा हत्तीच असतो. खऱ्या युद्धात मात्र शत्रू सोंग घेऊन येतो. हे सोंग खेळात आणायचं कसं? आणि हरणाऱ्याला ‘मला फसवलं’ असं न वाटता ‘माझ्या लक्षात यायला हवं होतं’ असं वाटेल, हे साधायचं कसं?

सुरुवात प्रशियापासून करू. 1824 मध्ये गेऑर्ग फॉन राइसविट्झ या लष्करी अधिकाऱ्याने ‘क्रीगश्पील’ हा सरावखेळ मांडला. यात दोन्ही बाजू आपले हुकूम पंचाकडे देत, आणि समोरच्याला जेवढं दिसू शकेल तेवढंच पंच नकाशावर ठेवी. 1899 मध्ये इंग्लंडमध्ये हेन्री मायकल टेंपल यांनी हीच कल्पना बुद्धिबळाला लावली. म्हणजे खरं काय, हे एका तिसऱ्या माणसाला ठाऊक असायचं, आणि दोघांचाही त्याच्यावर विश्वास असायचा. पण घरी दोघंच खेळायला बसले, तर हा पंच आणायचा कुठून?

याचं उत्तर फ्रान्समधल्या हर्मान्स एदाँ या बाईंनी दिलं. 1908 मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, आणि त्यातून ‘लाताक’ हा खेळ आला. सोंगट्या उभ्या. चित्र फक्त आपल्या बाजूला, शत्रूला दिसते ती कोरी पाठ. झालं, पंचाची गरजच संपली!

पुढे नेदरलँड्समध्ये याच घराण्यातला ‘स्ट्रॅटेगो’ आला. प्रत्येकाकडे 40 सोंगट्या, त्यांत 6 बॉम्ब, 1 झेंडा, 1 हेर. पाठी सगळ्यांच्या सारख्या. तरी शत्रू ओळखू येतो, तो कसा? बॉम्ब हलत नाही, म्हणजे हललेली सोंगटी बॉम्ब नव्हे. एका दमात कित्येक घरं ओलांडणारी सोंगटी टेहळ्याचीच असणार. हेराने आधी हल्ला केला तर तो सर्वांत मोठ्या मार्शललाही मारतो. पण हेरावरच कुणी चालून आलं, तर तो गेलाच. म्हणून मुरलेला खेळाडू कप्तानाला जागचा हलवत नाही, समोरच्याने त्याला बॉम्ब समजावं म्हणून. इथं सोंग कपड्यांत नाही, चालीत आहे. आणि चाल दोघांनाही दिसते, म्हणून फसलेला माणूस तक्रार करत नाही.

आता संगणकाकडे येऊ. इथं पंच आणि प्रतिस्पर्धी एकच! 2016 मध्ये फिरॅक्सिस कंपनीच्या ‘एक्सकॉम 2’ मध्ये ‘फेसलेस’ नावाचा परग्रहवासी आला. वस्तीवर हल्ला झालेला असतो, आपल्याला नागरिक वाचवायचे असतात. सैनिक एखाद्याच्या जवळ जातो, आणि तो नागरिक अचानक नखं परजलेला राक्षस होतो.

हे न्याय्य आहे का? काही अंशी आहे. तपासायचं साधन दिलेलं आहे. ‘बॅटल स्कॅनर’ फेकला की त्याच्या टप्प्यातलं सोंग उघडं पडतं. फेसलेस लांबून गोळी झाडत नाही. त्यामुळे आधी एकच सैनिक पुढे धाडावा आणि बाकीच्यांची पाळी राखून ठेवावी, एवढी सावधगिरी पुरते. पण एक उणीव आम्हाला खटकते. तो नागरिक खऱ्या नागरिकापेक्षा वेगळा वागत नाही. निरीक्षणाने तो ओळखता येत नाही. स्कॅनर खर्चा, नाहीतर धोका पत्करा. स्ट्रॅटेगोतलं तर्काचं सुख इथं नाही.

आणि याहून गंभीर गोष्ट दुसरीच आहे. स्ट्रॅटेगोत आपण सोंगट्यांवर संशय घेतो. इथं संशय घ्यायचा तो ज्यांना वाचवायला आलो त्यांच्यावर. शत्रू लोकांत मिसळलेला असेल तर सगळ्या लोकांनाच शत्रू मानायचं का? खऱ्या युद्धांत या प्रश्नाची किंमत सामान्य माणसांनी मोजलेली आहे. या खेळाच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी : नागरिक वाचवायचा तर जवळ जावंच लागतं. संशय आला म्हणून लांब राहिलात, तर निरपराध माणूस मरतो आणि मोहीमही हातची जाते.

तेव्हा असा शत्रू रचणाऱ्याने आधी स्वतःलाच विचारावं : घाव बसण्यापूर्वी खेळाडूला काय दिसलं? आणि चुकीच्या संशयाची किंमत कोण मोजतो? पहिल्या प्रश्नाला एदाँबाईंच्या परंपरेने चोख उत्तर दिलं. दुसरा मात्र सोंगटीच्या जागी माणूस दिसायला लागल्यावरच उभा राहिला, आणि त्याचं काम अजून बरंच बाकी आहे.