प्रसाविका-शिक्षण, स्वीडनमधील

गर्भारपण, प्रसूती व बाळंतपणानंतरचा काळ यांत माता आणि नवजात बालक यांची शुश्रूषा करण्याचे रीतसर शिक्षण घेतलेल्या व त्यासाठी शासनमान्य परवाना असलेल्या परिचारिकेस प्रसाविका म्हणतात. परंपरेने व अनुभवाने हे काम शिकलेल्या सुईणीहून ती या दृष्टीने वेगळी ठरते. प्रसूती नैसर्गिक असेल, तर अनुभवी सुईण व प्रसाविका यांच्या कामात फारसे अंतर दिसत नाही. मूल आडवे आले, प्रसूती अडली, वार पडली नाही किंवा अतिरक्तस्राव होऊ लागला, म्हणजे हे अंतर स्पष्ट होते. अशा वेळी प्रसाविकेने केवळ धोका ओळखून वैद्यास बोलवावे, की वैद्य वेळेवर येणे शक्य नसल्यास स्वतः उपचार करावेत, हा प्रसाविका-शिक्षणाच्या इतिहासातील एक मूलभूत प्रश्न होय. युरोपातील बहुतेक देशांनी पहिला मार्ग पत्करला. स्वीडनने एकोणिसाव्या शतकात दुसरा स्वीकारला. त्यामुळे या विषयाच्या अभ्यासात स्वीडनच्या अनुभवास विशेष महत्त्व आहे.

स्वीडनमध्ये वैद्यकव्यवसायाचे नियमन करणारे ‘कोलेगिअम मेडिकम’ हे वैद्यमंडळ १६६३ मध्ये स्थापन झाले. प्रसाविका-शिक्षणाचा पाया मात्र योहान व्हॉन हूर्न (१६६२–१७२४) या वैद्याने घातला. परदेशात प्रसूतिविद्येचे शिक्षण घेऊन परतल्यावर त्याने १६९७ मध्ये या विषयावरील पाठ्यपुस्तक स्वीडिश भाषेत प्रसिद्ध केले. वैद्यकाची भाषा लॅटिन असलेल्या त्या काळात सामान्य स्त्रियांना वाचता येईल असा ग्रंथ लिहिणे ही लक्षणीय गोष्ट होती. त्याचा १७१५ मधील दुसरा ग्रंथ बायबलमधील शिफ्रा व पुआ या दोन सुइणींच्या नावांनी, संवादरूपात लिहिलेला आहे. मूल पायाळू किंवा आडवे असल्यास काय करावे, याचे विवेचन त्याच्या लेखनात आढळते. १७११ च्या नियमांनुसार स्टॉकहोममधील प्रसाविकांना शिक्षण, वैद्यमंडळापुढील परीक्षा आणि शपथ या गोष्टी आवश्यक ठरल्या.

शिक्षणाचा हा प्रयत्न राजधानीबाहेर नेण्यास आकडेवारी कारणीभूत झाली. १७४९ पासून स्वीडनमध्ये पॅरिशमधील धर्मोपदेशकांकडून जन्ममृत्यूंची माहिती ठराविक तक्त्यांत नियमितपणे गोळा करण्यात येऊ लागली. देशभर अशी पद्धतशीर नोंद ठेवणारी ही जगातील अगदी पहिल्या व्यवस्थांपैकी एक होय. तिच्या आधारे १७५१ मध्ये असे मांडण्यात आले, की बाळंतपणात मृत्यू पावलेल्या ६५१ स्त्रियांपैकी निदान ४०० स्त्रिया पुरेशा प्रसाविका असत्या तर वाचल्या असत्या. मातेचा मृत्यू हा दैवाचा भाग न मानता राज्यास टाळता येण्याजोगी हानी मानण्याची दृष्टी येथे दिसते. वाढती लोकसंख्या म्हणजे राष्ट्राची संपत्ती, हा तत्कालीन अर्थविचारही तिच्यामागे होता. १७५७ मध्ये संपूर्ण देशासाठी प्रसाविका-शिक्षणास मान्यता मिळाली. १७७५ मध्ये स्टॉकहोम येथे सार्वजनिक प्रसूतिगृह सुरू झाले आणि तेथे प्रत्यक्ष शिक्षणाची सोय झाली. १७७७ मध्ये प्रसाविकांविषयीचे नियम देशभर लागू करण्यात आले.

प्रत्यक्षात या योजनेचा प्रसार मंदगतीने झाला. गावातील स्त्रीला दूरच्या स्टॉकहोमला पाठवून शिकविण्याचा आणि परतल्यावर तिला वेतन देण्याचा भार पॅरिशवर पडे. तो उचलण्यास अनेक पॅरिश नाखूष असत. शिवाय गावातील स्त्रियांचा विश्वास आपल्या ओळखीच्या, बाळंतपणाबरोबर घरकामही सांभाळणाऱ्या सुईणीवर अधिक असे. कायद्याने सुईणीस मनाई करता आली, तरी तिची जागा प्रसाविकेने घेण्यास अनेक पिढ्या लागल्या.

विरळ वस्ती, लांब पल्ले आणि बर्फाने बंद होणारे रस्ते यांमुळे ग्रामीण भागात, विशेषतः उत्तरेकडील नॉरलँड प्रदेशात, अडलेल्या स्त्रीपर्यंत वैद्य वेळेवर पोहोचणे अनेकदा अशक्य असे. या परिस्थितीत केवळ धोका ओळखण्याचे शिक्षण अपुरे होते. १८२९ च्या नियमांनी अधिक शिक्षण घेऊन विशेष परीक्षा उत्तीर्ण झालेल्या प्रसाविकांना प्रसूतिचिमटा, तसेच मृत गर्भ बाहेर काढण्याची तीक्ष्ण उपकरणे वापरण्याचा अधिकार दिला. स्टॉकहोम येथील प्रसूतिशास्त्राचे अध्यापक पेर गुस्ताव्ह सेडरशॉल्ड (१७८२–१८४८) हे या सुधारणेचे प्रमुख पुरस्कर्ते होते. उपकरणे हे वैद्याचे कार्यक्षेत्र होय, स्त्रियांच्या हाती ती धोकादायक ठरतील, असा आक्षेप घेतला जात होता. त्यामुळे या अधिकारास मर्यादाही घालण्यात आल्या. वैद्य वेळेवर मिळणे शक्य नसेल तेव्हाच उपकरणे वापरावयाची आणि अशा प्रत्येक प्रसूतीचा अहवाल द्यावयाचा, असे बंधन होते. अधिकार, परीक्षा व उत्तरदायित्व यांची ही सांगड स्वीडिश पद्धतीचे मुख्य वैशिष्ट्य होय.

तथापि उपकरणांनी सर्व प्रश्न सुटले नाहीत. एकोणिसाव्या शतकातील प्रसूतिगृहांत सूतिकाज्वराने मोठ्या संख्येने स्त्रिया दगावत. हात निर्जंतुक केल्याने हा ज्वर टळतो, हे इग्नाट्स झेमेलव्हाइस यांनी १८४७ मध्ये व्हिएन्ना येथे दाखवून दिले होते. जोसेफ लिस्टर यांची कार्बॉलिक अम्लाची पूतिरोधक पद्धती १८६७ मध्ये प्रसिद्ध झाली. १८८१ मध्ये स्वीडनने पूतिरोधक पद्धती प्रसाविकांना बंधनकारक केली. प्रशिक्षित व नोंदणीकृत प्रसाविकांचे जाळे अगोदरच उभे असल्याने नवे ज्ञान रुग्णालयांपुरते न राहता घरगुती बाळंतपणांपर्यंत पोहोचू शकले.

१७५१ च्या सुमारास स्वीडनमध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे सुमारे ९०० माता मृत्यू पावत. १९०० च्या सुमारास हे प्रमाण सुमारे २३० पर्यंत खाली आले. या घटीचे सर्व श्रेय प्रसाविकांना देता येत नाही. राहणीमानातील सुधारणा व इतर सामाजिक बदल यांचाही त्यात वाटा आहे. परंतु रक्तसंक्रमण व प्रतिजैविके यांच्या कितीतरी आधी आणि सिझेरियन शस्त्रक्रिया सुरक्षित होण्यापूर्वी ही घट झाली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याच सुमारास आणि पुढे १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत इंग्लंड व वेल्समध्ये हे प्रमाण सुमारे ४०० ते ५०० राहिले. तेथील १९०२ च्या प्रसाविका अधिनियमाने शिक्षण व नोंदणी यांची व्यवस्था केली. मात्र गुंतागुंत दिसताच प्रसाविकेने वैद्यास बोलवावे, असा दंडक होता. वैद्याचे शुल्क कोणी द्यावे, हा प्रश्न त्यातून उद्‌भवला. गरीब कुटुंबांना ते परवडत नसे. अखेर १९१८ च्या अधिनियमाने ती जबाबदारी स्थानिक शासनावर टाकली.

ब्रिटिश अमदानीत भारतातील प्रसाविका-शिक्षण इंग्लंडच्या धर्तीवर वाढले आणि गुंतागुंतीच्या वेळी वैद्याकडे पाठविणे हे त्याचेही सूत्र राहिले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या सूत्राचा फेरविचार सुरू झाला. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात गर्भाशय आकुंचित करणारे औषध देणे, झटके येणाऱ्या गर्भवतीस रुग्णालयात पाठविण्यापूर्वी मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा टोचणे, यांसारख्या जीवरक्षक उपचारांची मुभा साहाय्यक परिचारिका-प्रसाविकांना केंद्र शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी दिली. याच दशकात स्वीडनच्या आर्थिक साहाय्याने स्टॉकहोमची कारोलिन्स्का संस्था आणि अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था यांनी अन्य संस्थांसह भारतातील प्रसाविका-सेवेच्या विकासाचा कार्यक्रम हाती घेतला. २०१८ मध्ये केंद्र शासनाने नोंदणीकृत परिचारिकांसाठी प्रसाविकाविद्येच्या १८ महिन्यांच्या विशेष शिक्षणक्रमाची योजना जाहीर केली. २०१८–२० या काळात भारतातील मातामृत्यूचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे ९७, तर महाराष्ट्रातील ३३ असे नोंदले गेले.

शिक्षणास अधिकाराची, अधिकारास देखरेखीची आणि या सर्वांस नियमित वेतन, साधने व पुढील उपचारांची सोय यांची जोड असावी लागते, हे स्वीडनच्या दीड शतकाच्या अनुभवावरून दिसून येते. धोका ओळखता येतो, पण त्यावर काही करता येत नाही, अशा स्थितीत ठेवलेली प्रसाविका कितीही शिकलेली असली, तरी अडलेल्या स्त्रीच्या दृष्टीने तिच्या शिक्षणाचा उपयोग मर्यादितच राहतो.