बुलेट : एका आर्ष रूपाचा इतिहास

मूळ स्थानी लोपलेले रूप दूरच्या प्रदेशात टिकून राहते, असे भाषेच्या इतिहासात पुष्कळदा घडते. तंजावरच्या मराठीतील जुनी रूपे अभ्यासकांस परिचित आहेतच. हाच न्याय यंत्रांसही लागू पडतो. जुन्या घडणीच्या मोटारसायकलींचे आजच्या चालकांस जे आकर्षण वाटते, त्याचा उलगडा होण्यासाठी ‘बुलेट’चे उदाहरण ह्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

इंग्लंडातील रेडिच येथील रॉयल एन्फील्ड कंपनीने १९४९ च्या सुमारास ३५० सी.सी.ची नव्या घडणीची बुलेट बाजारात आणली. भारतीय लष्कराकडून तिला मागणी आली आणि १९५५ मध्ये मद्रासेत, म्हणजे आजच्या चेन्नईत, ‘एन्फील्ड इंडिया’ स्थापन झाली. तेथे प्रथम सुट्या भागांची जुळणी व पुढे संपूर्ण निर्मिती होऊ लागली. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला; मद्रासची बुलेट चालूच राहिली. आयातीवरील निर्बंध व परवानापद्धती ह्यांमुळे तिला बदलण्याची निकड फारशी भासली नाही. १९८४-८५ पासून जपानी सहकार्याने बनलेल्या १०० सी.सी.च्या हलक्या गाड्या आल्या, तेव्हा कुठे बुलेटचे जुनेपण ठळक झाले. नवे रूप रूढ झाल्यावाचून जुन्यास आर्षत्व येत नाही.

ह्या आर्षत्वाचे स्वरूप कोणते? सिलिंडर ओतीव लोखंडाचा. त्याचा व्यास ७० मि.मी., पण पिस्टनचा प्रवास ९० मि.मी.; जोडीला जड फ्लायव्हील. त्यामुळे एंजिन संथ चालते व प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो. ते सुरू करण्याची रीतही शिकावी लागे. ॲमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूहळू दाबावयाची, डीकॉम्प्रेसर ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवावयाचा आणि मग पूर्ण किक मारावयाची. यंत्राच्या आत काय चालले आहे, हे चालकास डोळ्यांनी, कानांनी व पायाने कळत असे. आकर्षणाचे मूळ, माझ्या मते, केवळ गतकाळाच्या ओढीत नसून ह्या सुबोधतेत आहे.

पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि २००९ च्या सुमारास एंजिन व गिअरपेटी एकत्र असलेली नवी रचना आली. ३५० सी.सी.च्या एंजिनात ७० व ९० ही मापे तीच राहिली, बाह्य रूपही पुष्कळसे तेच. परंतु बटण दाबताच गाडी सुरू होऊ लागली. रूप टिकले, त्यामागील व्यवहार मात्र ऐच्छिक झाला. तो व्यवहार आज जुन्या चालकांच्या व मिस्त्रींच्या हातांत आणि बोलण्यात उरला आहे. गाड्या जतन करणारे पुष्कळ आहेत. ठोक्यावरून दोष ओळखणाऱ्या ह्या मंडळींचे शब्द व रीती टिपून ठेवण्याचे काम मात्र आपल्यासारख्या अभ्यासकांचे आहे, आणि त्यास विलंब परवडणारा नाही.