गाठीतल्या तिघी

१९८७. तुम्ही वैरागात, संतनाथाच्या देवळाजवळ उभे आहात. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाचा माणूस एका म्हाताऱ्याला म्हणतोय, "आबा, जरा आ करा." आबा तंबाखूची गोळी थुंकतात. गालात न भरणारी जखम. "बार्शीला चला." "सुगी झाल्यावर बघू," आबा म्हणतात. बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतल्या ३४६ गावांची कॅन्सर नोंदणी याच वर्षी सुरू होतेय, ग्रामीण भागातली देशातली पहिली. किती जण असे सुगीनंतर येतात, ते त्या वह्या सांगतील.

आता पस्तीस वर्षं ओलांडा. परळ, टाटा रुग्णालय. तसाच गाल, दुसरा माणूस. सलाईनमध्ये निवोलुमॅब, फक्त २० मिलिग्रॅम. थेंबाबरोबर तुम्हीही शिरेत उतरता.

गाठीत पोचल्यावर दिसते ती मारक टी-पेशी. शत्रूला खेटून उभी, पण थिजलेली. कॅन्सरच्या पेशीनं आपलं पीडी-एल१ तिच्या पीडी-१ला टेकवलंय. हा शरीराचाच ब्रेक, भलत्यानं दाबलेला. औषध पीडी-१वर जाऊन बसतं आणि ब्रेक सुटतो.

सुटला म्हणून गाडी निघेलच असं नाही, हे लोक विसरतात. शेजारी पाहा: फांद्या फुटलेली डेंड्रायटिक पेशी गाठीच्या प्रथिनाचा तुकडा पुढे धरून बसलीय. मदतनीस टी-पेशी येऊन तो ओळखते, मारक पेशीही त्याच डेंड्रायटिक पेशीला बिलगते. अशा तिघी एकत्र आल्या की मारक पेशीला धार चढते, हे न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं, पण ते २०२४ साली. तुम्ही दोन वर्षं आधीच बघताय.

मग घाई होते. पर्फोरिन शत्रूच्या कातडीला भोकं पाडतं, ग्रॅन्झाइम आत घुसतं, आणि पेशी स्वतःच स्वतःला मोडून टाकते. मारक पेशी पुढच्या सावजाकडे सरकते.

टाटाच्या चाचणीत, डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये, स्वस्त गोळ्यांच्या जोडीला हे औषध मिळालेल्यांपैकी वर्षभरानं शंभरात ४३ जण हयात होते, नुसत्या गोळ्यांवर १६. मला मात्र त्यापेक्षा २० हा आकडा मोठा वाटतो. नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅमचा, त्याच्या बाराव्या हिश्शात हे घडलं. उरलेल्या ५७ जणांना वर्षही मिळालं नाही. त्यांच्या गाठीत तिघींपैकी कोण पोचली नाही, ते बघायला अजून आत जावं लागेल.