तारेत खोचलेली बिलं आणि आपोआप जाणारे पैसे

'संशोधनाचा विषय शोधायचा कुठे?' पेट-नेटची तयारी करणारे तुमच्यापैकी बरेच जण हे विचारतात. कधी कधी विषय घरातल्या कपाटातच असतो. आज आपण असंच एक साधन उघडून बघू, घरातल्या बिलांची फाइल.

माझ्या आजोबांकडे फाइल नव्हती. भिंतीवरच्या खिळ्याला एक तार अडकवलेली असायची, खालचं टोक आकड्यासारखं वाकवलेलं. बिल भरून आलं की पावती तारेत खोचायची. पुढे बाबांनी त्याच पावत्या काढून बॉक्स फाइल केली आणि वीज, फोन, घरपट्टी, पाणीपट्टी, विमा असे कप्पे पाडले.

आता ही फाइल इतिहासाचं साधन म्हणून वाचा. आधी फक्त मथळे बघा. विजेची जुनी बिलं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची आहेत. 2005 मध्ये मंडळाचं विभाजन झालं आणि पुढे 'महावितरण' दिसायला लागतं. फोनच्या बिलांवर आधी दूरसंचार विभाग आहे, 1 ऑक्टोबर 2000 रोजी बीएसएनएल सुरू झाल्यावर कंपनीचं नाव येतं. म्हणजे सरकारी खाती आणि मंडळं कंपन्या होत गेली, हा मोठा बदल एका घराच्या फाइलमध्येही सापडतो. एखाद्या बिलावरची तारीख पुसली असेल, तर नुसत्या मथळ्यावरून काळाचा अंदाज बांधता येतो.

मग पावत्यांची मागची बाजू बघा. जुन्या पावत्यांवर 'रोख, रांग दीड तास' असं आजोबांच्या अक्षरात आहे. नंतर बाबांच्या अक्षरात चेक नंबर येतात. आणि 2019 नंतर? फाइल जवळजवळ रिकामी. बिलं थांबली नव्हती, फक्त कागद थांबला होता.

हा बदल एका रात्रीत झाला नाही. 1990 च्या दशकात रिझर्व्ह बँकेने ईसीएस ही सोय आणली. ग्राहकाने एकदा फॉर्मवर सही करून परवानगी द्यायची आणि त्या आधारावर कंपनीने दर महिन्याला त्याच्या खात्यातून पैसे वळते करून घ्यायचे. यातलं क्रियापद नीट बघा. चेकने तुम्ही पैसे 'देता'. ईसीएसमध्ये समोरचा ते 'घेतो', तुम्ही आधी हो म्हणून ठेवलेलं असतं. पुढे ईसीएसची जागा राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या 'नॅच'ने घेतली आणि जुलै 2020 मध्ये यूपीआय ऑटोपे आलं.

कायदाही मागोमाग आला. 1 एप्रिल 1989 पासून पुरेशी रक्कम नसल्याने चेक न वटणं हा गुन्हा ठरू लागला. 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम 25 ने तेच तत्त्व इलेक्ट्रॉनिक वसुलीला लावलं. शिल्लक नसल्याने हप्ता परत गेला तर दोन वर्षांपर्यंत कैद, रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

मग ग्राहकाच्या बाजूने काय? 2019 च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने कार्डावरच्या आवर्ती पेमेंटसाठी नियम घातले. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला कळवायचं आणि नको असेल तर थांबवायची सोय द्यायची. 1 ऑक्टोबर 2021 पासून याची सक्तीने अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा अनेकांची चालू असलेली पेमेंट्स अडकली आणि लोक वैतागले. ठराविक रकमेच्या वरच्या प्रत्येक पेमेंटला ओटीपी लागायचा. ही मर्यादा आधी 5,000 रुपये होती, जून 2022 मध्ये ती 15,000 झाली. म्हणून मी म्हणतो, हा इतिहास जितका यंत्रांचा आहे तितकाच परवानगीचा आहे. परवानगी कोण देतो, किती दिवसांसाठी, आणि परत कशी घेतो?

हा प्रश्न मला पुस्तकात सापडला नाही. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. आम्ही बँकेत कळवलं, खातं थांबलं, कार्ड बंद झालं. आईच्या आरोग्य विम्याचा हप्ता त्याच कार्डावरून जायचा, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. हप्ता गेला नाही असा मेसेज आला, पण तो बाबांच्या फोनवर. फोन चार्ज न करता कपाटात ठेवलेला. आम्हाला कळलं तोपर्यंत सवलतीची मुदत संपून पॉलिसी बंद झाली होती. नवीन पॉलिसी घेतली, पण आईच्या जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ पहिल्यापासून मोजायला लागला. यात कंपनीचं चुकलं, असं मी म्हणणार नाही. आजोबांच्या तारेवर मात्र ती पावती आईला रोज दिसली असती.

संशोधक म्हणून यातून मी दोन गोष्टी शिकलो. पहिली, साधन संपलं म्हणजे घटना संपली असं समजू नका. फाइल 2019 ला थांबते, खर्च थांबत नाही. साधन कुठे गेलं, कुणाच्या फोनमध्ये आणि कुणाच्या पासवर्डमागे, हाच संशोधनाचा प्रश्न होऊ शकतो. दुसरी, घरातल्या व्यवहाराची माहिती कुणाकडे असते ते तपासा. तारेवरच्या पावत्या सगळ्यांच्या होत्या, फोनमधली परवानगी एकाचीच. घरातल्या बायकांना खर्चाची किती माहिती असते, हा प्रश्न घेऊन मुलाखती घ्या, उत्तम प्रबंध होईल.

या आठवड्याचा अभ्यास म्हणून घरातल्या सगळ्या ऑटो-पेमेंटची यादी करा. कशासाठी, कुठल्या खात्यातून, किती तारखेला, परवानगी कधी संपते आणि मेसेज कुणाच्या नंबरवर येतो, एवढे पाच रकाने पुरे. कागदावर लिहा आणि घरातल्या सगळ्यांना दिसेल अशा जागी लावा. मग त्या यादीवरून संशोधनाचे तीन प्रश्न काढून बघा. प्रश्न नाही सुचले तरी यादी वाया जाणार नाही. आमच्याकडे ती आता फ्रिजच्या दारावर आहे, आईच्या अक्षरात.