खुणा वाचणारी माणसं

वेळास हे गाव आपल्याला दोन कारणांनी माहीत असतं. एक, ते नाना फडणविसांचं गाव. दुसरं, मोबाइलवर दर उन्हाळ्याच्या तोंडावर दिसणारी, समुद्राकडे निघालेली कासवाची पिल्लं. मला मात्र तिसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. इथे मोठ्या माणसांनी निसर्गाचं शिक्षण घेतलं आणि त्यातून गावाचं काम उभं राहिलं.

२००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेचे भाऊ काटदरे आणि सहकारी कोकण किनाऱ्यावर समुद्री गरुडांची पाहणी करत होते. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केल्यावर कळलं, की ऑलिव्ह रिडले माद्या इथे अंडी घालतात आणि ती काढून नेली जातात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे कासव पहिल्या अनुसूचीत टाकलेलं होतं. पण कायदा काही पहाटे उठून किनाऱ्यावर फेरी मारत नाही.

ती फेरी गावकऱ्यांनी मारायची ठरली. मादीच्या वाळूवरच्या खुणा ओळखून घरटं शोधणं गावातल्या काहींना आधीपासून येतच होतं. शिकायचं होतं ते त्याच्या पुढचं. अंडी घातल्यावर काही तासांतच हलवायची, कारण नंतर आतला गर्भ कवचाला चिकटतो आणि अंडं फिरलं तर मरतो. कुंपणाच्या आत दीडेक फुटाचा, मडक्याच्या आकाराचा खड्डा करायचा. शंभरेक अंडी मोजून ठेवायची, तारीख लिहायची. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात, तेव्हा पुन्हा मोजायचं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एखादी सिस्टिम एकाच माणसाच्या डोक्यात असेल, तर तो नोकरी सोडून गेला की सगळं अडतं, हे आमच्याकडे रोज दिसतं. कोकणात तर गावची तरुण पोरं मुंबईला जातात, हे जुनंच दुखणं. म्हणून मला पिल्लांच्या फोटोपेक्षा ती तारखांची नोंद मोठी वाटते. खूण ओळखण्याचं कौशल्य माणसासोबत जाऊ शकतं. लिहिलेली पद्धत मागे राहते, दुसऱ्याला शिकवता येते. पुढे रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गच्या इतर किनाऱ्यांवर 'कासवमित्र' तयार झाले, वनखातं सोबत आलं, ते अशाच शिकवता येणाऱ्या पद्धतीमुळे.

पोटाचा प्रश्नही होताच. काही वर्षांत कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांत राहू लागले, जेवू लागले. अंडं विकण्यापेक्षा पिल्लू दाखवणं घराला परवडू लागलं.

आता नवा प्रश्न वाळूच्या तापमानाचा आहे. पिल्लू नर होणार की मादी, हे अंड्याभोवतीच्या उष्णतेवर ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्याच जास्त निपजतात, आणखी तापली तर अंडी वाया जातात. म्हणजे कासवमित्रांना पुन्हा शिकावं लागणार.

शहरात आपणही वीकेंडला पक्षी-फुलपाखरांचे कोर्स करतो, सर्टिफिकेट घेतो. वेळासच्या शिक्षणाला सर्टिफिकेटपेक्षा वेगळा शेवट होता : उद्या पहाटे किनाऱ्यावर कोण जाणार, याची पाळी. कुठलाही कोर्स संपताना एवढा एक प्रश्न विचारला, तरी बरंच काही सुरू होईल.